११ मार्च : तीन विधवा, तीन वाटा आणि एक उघडे दार

थ्रेड.

१/
तारखा पाठ करणे म्हणजे इतिहास नव्हे, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आज मात्र एका तारखेपासूनच सुरुवात करायची आहे. ११ मार्च.

११ मार्च १८८६, फिलाडेल्फिया : आनंदीबाई जोशी वैद्यकीय पदवी घेतात.
११ मार्च १८८९, मुंबई : पंडिता रमाबाई ‘शारदा सदन’ उघडतात.
११ मार्च १८९३, पुणे : शारदा सदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई आणि प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांचा विवाह होतो.

तारीख तीन वेळा एकच यावी, हा योगायोग. परंतु पहिल्या घटनेवाचून दुसरी आणि दुसरीवाचून तिसरी घडली असती का, हा प्रश्न योगायोगाचा नाही. आजचा थ्रेड त्याच प्रश्नाविषयी आहे.

२/
आधी थोडी पार्श्वभूमी. हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला. कायदा झाला, पण उंबरठ्याच्या आत तो फारसा पोहोचला नाही. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या इतर उच्चवर्णीय कुटुंबांत मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी होई. नवरा वारला की संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच ती विधवा ठरे. मग केशवपन, आलवण, एकभुक्त राहणे, मंगलकार्यात मागे उभे राहणे आणि आयुष्यभर घरातली कष्टाची कामे उपसणे.

अनेक ब्राह्मणेतर जातींमध्ये विधवेला पाट लावण्याची, म्हणजे पुन्हा घर मांडण्याची रूढी होती. त्यामुळे ‘हिंदू विधवा’ असा सरसकट शब्द वापरताना आपण कोणत्या घरांविषयी बोलत आहोत, हे लक्षात ठेवले पाहिजे. या थ्रेडमधील तिन्ही मुख्य व्यक्ती ब्राह्मण घरांत जन्मल्या होत्या.

३/
विधवांच्या दुःखाची दखल रमाबाईंच्याही आधी घेतली गेली होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांना गुप्तपणे बाळंत होण्यासाठी ती जागा होती. तेथेच जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत.

म्हणजे जीव वाचवणारे एक दार उघडले होते. पण जीव वाचल्यानंतर पुढची चाळीस-पन्नास वर्षे कशी जगायची? हातात विद्या नाही, पैसा नाही, घरात मान नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या तीन स्त्रियांची ही कथा आहे. तिघींची उत्तरे परस्परांहून अगदी भिन्न होती.

४/
पहिली स्त्री : रमाबाई डोंगरे. जन्म २३ एप्रिल १८५८, कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात. वडील अनंतशास्त्री हे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवणे त्या काळी निषिद्ध मानले जाई, तरी त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. रमाबाईंचे शिक्षण मुख्यतः या मातेकडून झाले.

कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हिंडत असे. १८७० च्या दशकातील दुष्काळात उपासमारीने वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. विशीही न गाठलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास एवढेच उरले. त्या दोघांनी हजारो मैल पायी तुडवले.

५/
१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. जिने काही वर्षांपूर्वी उपाशीपोटी रस्ते तुडवले, तिच्या व्याख्यानांची वार्ता आता वर्तमानपत्रांत येऊ लागली.

सुख मात्र टिकले नाही. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वराची जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचा पटकीने मृत्यू झाला.

वय २३. पदरात दहा महिन्यांची मुलगी. माहेर नाही आणि हक्काने जावे असे सासरही नाही.

६/
रमाबाई पुण्यास आल्या. त्यांच्या चरित्रात इथे जे वळण येते, ते नीट पाहण्यासारखे आहे. पतीच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच त्यांनी ‘आर्य महिला समाज’ स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींच्या शाळांना स्त्री शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांच्या साक्षीतले आग्रहाचे मुद्दे होते.

‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून आलेल्या पैशांचा आधार घेऊन १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हा निर्णय महाराष्ट्रातील सुधारकांनाही जड गेला. जोतीरावांनी मात्र १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली. त्या निर्णयाची किंमत रमाबाईंना पुढे कशी मोजावी लागली, ते १५ व्या क्रमांकाच्या पोस्टमध्ये येईल.

७/
आता पहिला ११ मार्च.

आनंदीबाई जोशी यांचे लग्न नवव्या वर्षी झाले. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले. योग्य वैद्यकीय उपचार मिळाले असते, तर ते वाचले असते, ही जाणीव त्यांना डॉक्टर होण्याकडे घेऊन गेली. १८८३ मध्ये त्या एकट्या अमेरिकेस गेल्या आणि पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, तेव्हा सभागृहात एक मराठी स्त्री उपस्थित होती. खास या समारंभासाठी इंग्लंडहून समुद्र ओलांडून आलेल्या पंडिता रमाबाई.

८/
आनंदीबाईंचे पुढे काय झाले, हे आपण सारे जाणतो. क्षयाने खंगलेल्या अवस्थेत त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे २१. परतल्यावर त्यांना डॉक्टर म्हणून काम करता आले नाही. म्हणून त्यांची कथा बहुतेक वेळा हळहळ व्यक्त करून संपवली जाते.

माझ्या मते ती तिथे संपत नाही. समारंभासाठी अमेरिकेस गेलेल्या रमाबाई तेथे जवळपास तीन वर्षे राहिल्या. त्यांनी शहरोशहरी व्याख्याने दिली. १८८७ मध्ये त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक निघाले. त्याची प्रस्तावना आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांनी लिहिली. त्याच वर्षअखेरीस बोस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली आणि उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे पैसा पुरवण्याचे तिने मान्य केले.

आनंदीबाईंच्या पदवीदानाला रमाबाई गेल्या नसत्या, तर हा पैसा कोठून आला असता?

९/
दुसरा ११ मार्च. १८८९, मुंबई, चौपाटीजवळचे एक घर. नाव ‘शारदा सदन’.

अट अशी होती की येथे धर्मांतराचा आग्रह धरला जाणार नाही. विद्यार्थिनींना आपापले आचार पाळता यावेत, स्वयंपाक-पाणी आपल्या रीतीने करता यावे, अशी व्यवस्था होती. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार समितीत होती. तरीही ख्रिस्ती झालेल्या बाईच्या घरात आपली विधवा मुलगी पाठवायची कोणी?

अशा वेळी एका भावाने हिंमत केली. नरहरपंत जोशी हे देवरुखचे; मुंबईत शिकत होते. त्यांनी आपली विधवा बहीण सदनात दाखल केली. शारदा सदनाची ही पहिली विधवा विद्यार्थिनी. तिचे नाव गोदूबाई.

१०/
दुसरी स्त्री : गोदूबाई. माहेर देवरुखचे जोशी, सासर नातूंचे. आठव्या वर्षी लग्न आणि त्यानंतर काही महिन्यांतच वैधव्य. सदनात आल्या तेव्हा त्यांचे वय विशीच्या पुढे गेले होते. म्हणजे आयुष्याची दहा-बारा वर्षे दुसऱ्यांच्या घरात राबण्यात गेली होती.

ज्या वयात त्या काळच्या बायका चार मुलांच्या आया झालेल्या असत, त्या वयात गोदूबाई पाटी घेऊन बसल्या. आपण ‘शिक्षणाने जीवन बदलते’ असे सहज म्हणतो. विशी उलटलेल्या बाईने लहान मुलींच्या रांगेत बसून ‘ग म भ न’ गिरवणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. पहिला अडथळा पुस्तकाचा नसतो, लाजेचा असतो. सदनाचे मोठे काम हे की तेथे अशा विद्यार्थिनीला हसणारे कोणी नव्हते.

११/
नरहरपंतांचे एक निकटचे स्नेही होते, धोंडो केशव कर्वे. गणिताचे शिक्षक, कोकणातील मुरूडचे. गंमत पाहा : कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. म्हणजे ते आणि रमाबाई एकाच आठवड्यात जन्मले.

१८९१ मध्ये कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. त्याच वर्षी ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. ‘दुसरे लग्न करीन तर विधवेशीच’ हा त्यांचा निश्चय होता. बोलणे गोदूबाईंपर्यंत येऊन पोहोचले. गोदूबाईंच्या वडिलांनी संमती दिली. देवरुखसारख्या गावात राहून मुलीच्या पुनर्विवाहाला होकार देणाऱ्या या पित्याचे धैर्य पाठ्यपुस्तकांत फारसे येत नाही.

१२/
तिसरा ११ मार्च. १८९३. पुण्यात, जेथे शारदा सदन आता स्थलांतरित झाले होते, गोदूबाईंचा विवाह झाला. लग्नातले नाव आनंदीबाई. पुढे सारे त्यांना ‘बाया’ म्हणू लागले.

लग्नानंतर हे जोडपे मुरूडला गेले. त्याच मुरूडच्या विकासासाठी कर्व्यांनी ‘मुरूड फंड’ उभारला होता. गावाने सभा भरवली आणि बहिष्कार घातला. कर्व्यांना घरात घेतले तर घरच्यांनाही वाळीत टाकू, अशी ताकीद मिळाली. आईला मुलाजवळ येता येईना.

नवरा-नवरी पुण्यास परतू शकत होते. गावात राहणाऱ्या आईला आणि भावंडांना मात्र बहिष्काराची झळ रोज सोसावी लागली. ‘सुधारकाने समाजाला तोंड दिले’ असे आपण एका ओळीत लिहितो, तेव्हा त्या ओळीत ही माणसे बसत नाहीत.

१३/
येथवर कथा सरळ वाटते. अंधार, मग शिक्षण, मग नवा संसार. शाळेतल्या गोष्टी इथे संपतात. आपण पुढे जाऊ, कारण खरी गुंतागुंत यापुढे आहे.

१८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी ‘अनाथ बालिकाश्रम’ स्थापन केला. प्लेगच्या साथीमुळे १९०० मध्ये तो शहराबाहेर हिंगण्याला एका झोपडीवजा इमारतीत हलवण्यात आला. महाविद्यालयातले तास संपले की कर्वे पायी हिंगण्यास जात, मुलींना शिकवत आणि परतत. साठवलेली पुंजी आश्रमात गेली. आजीव सदस्याच्या मोजक्या पगारात बायांनी घर कसे चालवले असेल, ते त्याच जाणोत. आपल्या आठवणींत त्यांनी या ओढाताणीविषयी मोकळेपणाने लिहिले आहे.

१४/
आणि आता कोंडी पाहा.

आश्रमात विधवा पाठवायच्या तर सनातनी पालकांचा विश्वास हवा. तेथे गेलेल्या मुलींची लग्ने लावून देतात, असा संशय आला असता तर एकही मुलगी आली नसती. म्हणून आश्रमाने धोरण ठरवले : येथे शिक्षण मिळेल, पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही. विधवाविवाहाच्या मंडळीची जी चळवळ कर्व्यांनी १८९३ पासून चालवली होती, तिच्यापासूनही ते या कामासाठी दूर झाले.

याचा परिणाम बायांवर झाला. विधवांच्या शिक्षणाचे फळ म्हणजे त्या स्वतः. परंतु त्या पुनर्विवाहिता होत्या. म्हणून पतीनेच काढलेल्या विधवाश्रमापासून त्यांना अंतर राखावे लागले. ज्या दारातून त्या स्वतः बाहेर आल्या होत्या, तसेच दार इतरांसाठी उघडे राहावे म्हणून त्यांना त्या दाराआड उभे राहावे लागले.

१५/
दारे मिटण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. १८९३ मध्येच, म्हणजे बायांच्या विवाहाच्याच वर्षी, शारदा सदनावर वादळ आले होते. रमाबाईंच्या प्रार्थनेला काही विद्यार्थिनी बसतात, त्या ख्रिस्ती धर्माकडे झुकत आहेत, असा आरोप झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

आरोपांत तथ्य किती होते, यावर अभ्यासकांत आजही चर्चा होते. रमाबाईंची भूमिका अशी की आपण कोणाला बोलावत नाही, पण येणाऱ्या मुलीला दार लावून घेणारही नाही. पुण्याच्या सुधारक वर्तुळाने मात्र त्यांच्याकडे पाठ फिरवली. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई चार वर्षे रमाबाईंच्या छायेत राहून हिंदूच राहिल्या, ही गोष्ट त्या गदारोळात कोणाला ऐकू गेली नसावी.

१६/
रमाबाई खचल्या का? १८९६-९७ चा दुष्काळ आला, तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो स्त्रिया व मुली सोबत घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. नंतरच्या दुष्काळात तेथील संख्या हजारावर गेली. शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींचे शिक्षण असा पसारा वाढला.

शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. केडगावला जातीची अट उरली नाही. विशीच्या आत उपासमारीत आईबाप गमावलेली मुलगी चाळिशीला आली, तेव्हा दुष्काळग्रस्त मुलींसाठी घर उभारत होती. आपल्यावर जे ओढवले, तेच त्यांनी आपले काम मानले.

१७/
तिसरी स्त्री : पार्वतीबाई आठवले. गोदूबाईंची धाकटी सख्खी बहीण. जन्म १८७०. अकराव्या वर्षी लग्न, पती गोव्यात नोकरीस. विशीत वैधव्य आले आणि लहान मुलाला घेऊन त्या देवरुखला माहेरी परतल्या. केशवपन झाले. थोरल्या बहिणीच्या पुनर्विवाहाने माहेरचे घर आधीच लोकांच्या तोंडी होते.

कर्वे आणि बाया यांच्या सांगण्यावरून त्या पुण्यास आल्या आणि आश्रमाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक झाल्या. वय पंचविशी ओलांडलेले, अक्षरओळख जेमतेम. थोरली बहीण ज्या वयात पाटीवर बसली होती, त्याहूनही उशिरा धाकटी बसली.

१८/
पार्वतीबाई शिकल्या, शिकवू लागल्या आणि आश्रमाच्या देखरेखीची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मग त्यांनी आणखी अवघड काम पत्करले : वर्गणी.

त्या काळी सोवळ्या विधवेने प्रवासाला निघणे हाच अपशकुन मानला जाई. पार्वतीबाई गावोगाव गेल्या, सभेत उभ्या राहिल्या आणि विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागितले. त्यांचा सोवळा वेष हाच सनातनी श्रोत्यांना विश्वास देणारा ठरला. पुनर्विवाहित बाया जे करू शकत नव्हत्या, ते विधवा राहिलेली त्यांची बहीण करू शकली.

एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या या दोघींची तुलना ‘कोण अधिक सुधारक’ अशी करण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. एकीने रूढी मोडून दार उघडले. दुसरीने रूढीचा वेष पांघरून त्याच दारातून इतरांना आत आणले.

१९/
पार्वतीबाईंनी पुन्हा लग्न केले नाही. विधवेने स्वतःच्या पायावर उभे राहून समाजकार्याला वाहून घ्यावे, हा त्यांचा मार्ग. मात्र वयाची चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी केशवपन थांबवले आणि केस वाढू दिले.

हा निर्णय वरवर लहान वाटेल. पण वीस-बावीस वर्षे जी खूण अंगावर वागवली, जिच्यामुळे सभेत मान मिळाला, देणगी मिळाली, तीच खूण अन्यायाची आहे असे ठरवून उतरवणे याला वेगळे बळ लागते. त्यांनी ते सावकाश आणि विचारपूर्वक केले.

२०/
याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. संस्थेचे काम वाढले, तसे इंग्रजी येत नसल्याची खंत पार्वतीबाईंना बोचू लागली. १९१८ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्या इंग्रजी शिकण्यासाठी आणि आश्रमाला मदत मिळवण्यासाठी अमेरिकेस निघाल्या.

जवळ पैसा बेताचा, भाषा अर्धीमुर्धी. त्यांनी अमेरिकन कुटुंबांत घरकाम केले. भांडी घासली, केर काढला, सांगितलेली कामे केली आणि त्या घरांतूनच भाषा उचलली. १९२० मध्ये त्या परतल्या, तेव्हा आश्रमासाठी देणग्याही आणल्या होत्या.

विधवा म्हणून घरात राबणे हे एके काळी त्यांच्यावर लादले गेले होते. अमेरिकेत त्यांनी तेच काम स्वतः निवडले, मोबदला घेऊन आणि स्वतः ठरवलेल्या हेतूसाठी. काम तेच होते; कोणासाठी आणि कोणाच्या इच्छेने, हे बदलले होते.

२१/
आता तिघींना एका रांगेत ठेवून पाहू.

रमाबाई : धर्म बदलला, पुन्हा लग्न केले नाही.
बाया : धर्म बदलला नाही, पुन्हा लग्न केले.
पार्वतीबाई : धर्मही बदलला नाही, लग्नही केले नाही.

त्या काळच्या वादांत हे तीन मार्ग एकमेकांचे विरोधी मानले जात. या प्रत्येक मार्गाचे कट्टर विरोधक होते आणि ते वर्तमानपत्रांतून भांडत होते. परंतु प्रत्यक्ष आयुष्यात या तीन वाटा एकाच दारातून फुटलेल्या दिसतात. रमाबाईंनी गोदूबाईंना घरात घेतले. गोदूबाईंच्या नव्या घराने पार्वतीबाईंना बोलावले. पार्वतीबाईंनी आणलेल्या वर्गणीवर नंतरच्या मुली शिकल्या.

२२/
पदव्युत्तर वर्गात आम्हाला पहिल्यांदा शिकवले जाते की आत्मचरित्र हे साधन आहे, साक्ष आहे, पण अंतिम निवाडा नव्हे. सांगणारी व्यक्ती वयाने पुढे आलेली असते, काही विसरते, काही झाकते. तरीही या स्त्रियांनी स्वतः लिहून ठेवले, हे आपले भाग्य. पार्वतीबाईंची ‘माझी कहाणी’ १९२८ मध्ये आली आणि दोनच वर्षांत तिचा इंग्रजी अनुवाद निघाला. बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले.

ग्रंथालयात ‘माझे पुराण’ वाचायला घेतले, तेव्हा मला एका थोर पुरुषाच्या पत्नीच्या आठवणी अपेक्षित होत्या. हाती आली ती एका संसारी बाईची रोखठोक हकिकत. महर्षींच्या त्यागाचा जमाखर्च कोणाच्या स्वयंपाकघरात मांडला गेला, हे त्यावरून कळते. हिंगण्याचा इतिहास केवळ संस्थेच्या अहवालांवरून लिहिला, तर ही बाजू सुटेल.

२३/
या दारातून पुढे काय काय गेले, त्याची थोडक्यात नोंद. हिंगण्याच्या आश्रमातून १९०७ साली महिला विद्यालय आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाने ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ, म्हणजेच आजचे एसएनडीटी, म्हणून ओळखले जाऊ लागले.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. त्याच्या आदल्या वर्षी त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली होती. बाया १९५० मध्ये गेल्या, पार्वतीबाई १९५५ मध्ये. कर्व्यांना १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. हिंगण्याच्या परिसराला आज आपण कर्वेनगर म्हणतो. त्या नावात अण्णा आहेत, आणि उच्चारणाऱ्याला ठाऊक असेल तर बायाही आहेत.

२४/
या थ्रेडचे सार एवढेच. दुःखातून उठलेल्या स्त्रीची गोष्ट आपण सहसा एकटीची म्हणून सांगतो : ती, तिची जिद्द, तिचा विजय. ऐतिहासिक साधने वेगळे चित्र दाखवतात. जिद्द तिघींकडेही होती. पण उपाशी रस्ते तुडवणाऱ्या रमेजवळ आईने शिकवलेले संस्कृत होते. गोदूबाईंच्या मागे एक भाऊ आणि एक सदन होते. पार्वतीबाईंच्या मागे बहिणीचे घर होते. ज्या हजारो जणींना हे मिळाले नाही, त्यांच्यात जिद्द कमी होती असे म्हणायला कोणताही पुरावा नाही. त्यांची आत्मचरित्रे नाहीत, एवढेच.

म्हणून एखादी स्त्री संकटातून कशी बाहेर आली, हे विचारताना आणखी एक प्रश्न विचारत जाऊ : तिला आत घेणारे दार कोणाचे होते, आणि ते उघडे ठेवण्याची किंमत कोणी दिली?

२५/
पुढच्या ११ मार्चला आनंदीबाईंच्या पदवीचे छायाचित्र नेहमीप्रमाणे सगळीकडे फिरेल. ते जरूर पुढे पाठवा. सोबत एक ओळ जोडा : त्या सभागृहात २७ वर्षांची एक विधवा उपस्थित होती, आणि बरोबर तीन वर्षांनी तिने मुंबईत एक दार उघडले.

‘माझे पुराण’ आणि ‘माझी कहाणी’ ही दोन्ही पुस्तके जवळच्या ग्रंथालयात मिळाली, तर आधी ती वाचा, मग त्यांच्यावर लिहिलेले वाचा. तुमच्या घरातल्या पणजी-खापरपणजींपैकी कोणी हिंगण्यात, केडगावात किंवा अशा एखाद्या संस्थेत शिकले असेल, तर घरातल्या थोरांना विचारून ते लिहून ठेवा. असल्या नोंदी सरकारी दप्तरात सापडत नाहीत.

थ्रेड समाप्त.